मदरबोर्ड बदलण्याआधी एकदा तळ उघडून बघ

पत्र:

नमस्कार काका,

मी पुण्यात नोकरी करते. माझा धाकटा भाऊ अकोल्याला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याची ॲडमिशन झाली तेव्हा मी त्याला हप्त्यांवर गेमिंगचा लॅपटॉप घेऊन दिला. आय५-१२४५०एच प्रोसेसर, आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स, १४४ हर्ट्झची स्क्रीन. मार्चपासून तो फार तापतो. जीटीए फाइव्ह लावला की वीसेक मिनिटांत पंखे किंचाळायला लागतात, कीबोर्डला हात लाववत नाही आणि गेम अडकत अडकत चालतो. गेल्या आठवड्यात दोनदा आपोआप बंद पडला. अर्ध्या तासानं पुन्हा नीट सुरू झाला. भावानं फोटो पाठवला त्यात प्रोसेसरचं तापमान ९८ दिसतंय. दुकानदार म्हणतो, मदरबोर्ड तापून गेलाय, साडेनऊ हजार लागतील. बाबा म्हणतात, गेम खेळून खेळून वाट लावली. त्यांनी लॅपटॉप कपाटात ठेवून दिलाय. भाऊ म्हणतो, आता नवाच घ्यावा लागेल. माझे चार हप्ते अजून बाकी आहेत.

तो कूलरसमोर गादीवर पालथा पडून खेळतो, नाहीतर मांडीवर घेऊन. आई म्हणते, त्याच्या मांड्यांवर जाळीसारखे तपकिरी डाग पडलेत. येत्या शनिवारी मी घरी जाते आहे. कूलिंग पॅड (लॅपटॉपखाली ठेवायचा पंख्यांचा पाट) घेऊन जाऊ, की मदरबोर्डचे पैसे देऊन टाकू?

— एक बहीण

उत्तर:

बेटा,

साडेनऊ हजार एवढ्यात कुणाला देऊ नकोस. तुझ्या पत्रात मदरबोर्ड गेल्याची एकही खूण मला दिसत नाही. वीस मिनिटं गेम छान चालतो, मग अडकतो, बंद पडतो आणि गार झाला की काही झालंच नाही असा सुरू होतो. बिघडलेला बोर्ड असा वेळापत्रक धरून वागत नाही. आत तयार होणारी उष्णता बाहेर पडत नसली की लॅपटॉप असा वागतो. मी नागपुरात दुरुस्तीच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. होळी झाली की नेमकी हीच तक्रार घेऊन मुलं यायची, आणि त्यातल्या बहुतेकांचा बोर्ड ठणठणीत असायचा.

पण लॅपटॉपच्या आधी भावाच्या मांड्या. ते जाळीदार डाग भाजल्याचे नाहीत, पण उष्णतेचेच आहेत. साधारण ४३ ते ४७ अंशांची ऊब रोज तासन्‌तास त्याच जागी लागली की कातडीवर अशी तपकिरी जाळी उमटते. काश्मिरात थंडीत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची टोपली, अंगाशी धरून बसणाऱ्यांना असे डाग पडतात. शेक थांबला की ते बहुधा हळूहळू फिके होतात. मात्र शेक चालूच राहिला तर ते कायमचे राहू शकतात, आणि वर्षानुवर्षं चालला तर त्या कातडीला त्याहून वाईटही होऊ शकतं. तेव्हा मांडीवर लॅपटॉप आजपासून बंद. दोन-तीन महिन्यांत डाग फिके झाले नाहीत, किंवा तिथली कातडी जाड, खरखरीत लागायला लागली, तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

घरी पोचल्यावर दुसरं बघायचं ते बॅटरीचं. लॅपटॉप कपाटातून काढून सपाट ओट्यावर ठेव. डुगडुगतो का? टचपॅड वर उचलल्यासारखा दिसतो का, दाबायला घट्ट झालाय का? तळाचं झाकण कुठे फुगलंय का? यातलं एक जरी दिसलं तर बॅटरी फुगली आहे. तो चालू करू नकोस, चार्जिंगला लावू नकोस, दाबून बसवायचा प्रयत्न तर अजिबात नको. सरळ बॅटरी बदलून घ्या. हे नसेल तर पुढचं वाच.

आत काय होतं ते आधी सांगतो, कारण ते समजलं की दुकानदाराशी बोलताना तुला कुणी घाबरवू शकणार नाही. गेम चालू असताना हा प्रोसेसर साधारण ४५ वॉट खातो, ग्राफिक्सची चिप साठ-सत्तर. म्हणजे शंभर-सव्वाशे वॉट. पूर्वी आपल्या घरात शंभरचा पिवळा बल्ब असायचा, त्याला हात लावून बघायची आपली हिंमत नव्हती. तेवढी उष्णता इथे एका वहीएवढ्या जाडीच्या डब्यात तयार होते. ती बाहेर नेण्यासाठी चिपांवर तांब्याच्या चपट्या नळ्या बसवलेल्या असतात. नळीत थोडंसं पाणी असतं. चिपेपाशी त्याची वाफ होते, दुसऱ्या टोकाला ती गार होऊन पुन्हा पाणी होतं आणि परत येतं. त्या दुसऱ्या टोकाला धातूच्या पातळ पात्यांची जाळी असते. पंखा तळातून हवा ओढतो आणि त्या जाळीतून बाहेर फेकतो. यातली एक जागा तुंबली तरी सगळी साखळी थांबते.

तुझ्या भावाच्या बाबतीत पहिली जागा तर उघडच तुंबलेली आहे: गादी. हवा आत घ्यायची भोकं तळाला आहेत आणि तो तळ कापसात रुतलेला. अकोल्याची कापसाची गादी म्हणजे अंगाला सुख, पण लॅपटॉपच्या नाकावर दाबून धरलेली उशी. शिवाय पंखा नुसती हवा ओढत नाही, गादीतली, चादरीतली तूसही ओढतो. ती तूस पंखा आणि जाळीच्या मधे जाऊन बसते आणि दोन वर्षांत तिचा नमद्यासारखा घट्ट थर होतो. बाहेरून काही दिसत नाही. मी असे पट्टे चिमट्यानं अख्खेच्या अख्खे ओढून काढले आहेत.

आता ९८ या आकड्याविषयी. या प्रोसेसरची कमाल मर्यादा इंटेलनं १०० अंश ठेवलेली आहे. तिथे पोचायला लागला की तो स्वतःच आपला वेग उतरवतो. गेम अडकतो तो त्यामुळे. म्हणजे अडकणं हा बिघाड नाही, स्वतःला वाचवण्याची सोय आहे. वेग उतरवूनही भागलं नाही की मशीन स्वतःला बंद करतं. गेमिंग लॅपटॉपचा प्रोसेसर गेममध्ये ८० ते ९० अंशांत असला तर मी काळजी करत नाही, ग्राफिक्स ७० ते ८२ असलं तरीही. सतत ९५च्या वर असेल तर मात्र काहीतरी करायला हवं.

आणि खोलीचं तापमान विसरू नकोस. हे लोक पटकन विसरतात. तेवढेच वॉट तयार होत असतील आणि पंखेही तेवढेच फिरत असतील, तर चिप खोलीपेक्षा ठरावीक अंशांनीच गरम राहते. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत जो लॅपटॉप ८३वर चालत होता, तोच मे महिन्यात ३९च्या खोलीत ९७वर जाणार. तक्रार मार्चपासूनची आहे असं तू लिहिलंस, त्यात निम्मं उत्तर आहे.

शनिवारी पोचलीस की आधी काही उघडू नका, आधी मोजा. भावाला एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकायला सांग आणि ते नुसत्या सेन्सर मोडमध्ये चालू करा. त्यात प्रत्येक भागाचं चालू, किमान आणि कमाल तापमान दिसतं, आणि प्रोसेसरनं उष्णतेमुळे वेग उतरवला का, हे हो-नाही असंही दिसतं. लॅपटॉप लाकडी किंवा लोखंडी टेबलावर ठेवा, मागच्या रबरी पायांखाली बाटलीची दोन झाकणं. गेममधला तोच भाग वीस मिनिटं खेळा. खोलीचं तापमान, प्रोसेसरचं कमाल, ग्राफिक्सचं कमाल, असे तीन आकडे वहीत लिहा. इंजिनीअरिंगच्या मुलाला हे काम आवडेल.

आकडे चढतात कसे, तेही बघा. गेम सुरू होऊन काही सेकंदांतच प्रोसेसर ९५ला टेकला आणि मागून येणारी हवा मात्र कोमटच असेल, तर उष्णता चिपेवरून नळीत जातच नाही. म्हणजे चिप आणि नळ्यांच्या मधला उष्णता पुढे नेणारा लेप, थर्मल पेस्ट, वाळला आहे किंवा हीटसिंक (त्या नळ्या आणि जाळीचा धातूचा सांगाडा) नीट बसलेलं नाही. उलट तापमान दहा-पंधरा मिनिटं सावकाश चढत गेलं, आणि मागच्या झरोक्यापाशी धरलेला टिश्यू पेपर जेमतेम हलला, तर जाळी तुंबलेली आहे. तुझ्या पत्रातली वीस मिनिटं वाचून मला दुसरी शक्यता जास्त वाटते. आणि मशीन बंद पडलं तेव्हा आकडा ७०-७५च असेल, तर उष्णता सोडून चार्जर, बॅटरी, रॅम यांच्याकडे वळा. मूळ चार्जर हरवून कमी वॉटचा स्वस्तातला आणलाय का, हेही विचार. मुलं हे घरी सांगत नाहीत.

मग तळ उघडायचा. लॅपटॉप दोन वर्षांचा आहे, वॉरंटी बहुधा संपली असेल, पण बिल बघून खात्री कर. वाढवून घेतलेली असेल तर हे काम कंपनीच्या केंद्राकडूनच करून घ्या. नसेल तर त्याच मॉडेलचा तळ उघडण्याचा व्हिडिओ आधी पूर्ण बघा. लॅपटॉप शट डाउन करा, चार्जर काढा. एका जाड पुठ्ठ्यावर तळाचा आकार काढा आणि प्रत्येक स्क्रू काढला की पुठ्ठ्यावर त्याच जागी खोचा, कारण स्क्रूंची लांबी सारखी नसते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर आतलं काहीतरी फुटतं. काही मॉडेलमध्ये कोपऱ्यातला एखादा स्क्रू पूर्ण निघतच नाही, फक्त सैल होतो. तो उपटायला जाऊ नका. कडेच्या खाचा सोडवायला जुनं प्लास्टिक कार्ड वापरा, स्क्रूड्रायव्हर नको. झाकण निघालं की सर्वात आधी बॅटरीचं कनेक्टर काढायचं, वायर ओढून नव्हे, कनेक्टरचं अंग धरून.

आता पंखे. दोन-तीन बारीक स्क्रूंवर पंखा बसलेला असतो, तो सोडवला की जाळीच्या तोंडाशी काय आहे ते दिसेल. तूस चिमट्यानं काढा, पाती मऊ कोरड्या ब्रशनं पुसा. हवेचा फवारा किंवा हातातला ब्लोअर वापरणार असाल तर पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. जोरदार हवेनं पंखा भिंगरीसारखा फिरला तर त्याच्या बेअरिंगची वाट लागते, आणि तो बोर्डाला जोडलेला असेल तर उलटी वीजही आत जाऊ शकते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. ओलं फडकं तर नकोच.

पेस्टला पहिल्या फेरीत हात लावू नका, असं मी आग्रहानं सांगेन. साफ करून, झाकण लावून, पुन्हा तेच टेबल, तीच वीस मिनिटं, तेच तीन आकडे. दहा-बारा अंश उतरले असतील तर पेस्टला विश्रांती. उतरले नाहीत, तरच ती बदला, आणि पहिल्यांदा ते काम हात बसलेल्या माणसाकडून करून घ्या. लॉकडाउनमध्ये मशीनं घरीच उघडायची वेळ आलेल्या मुलांनी फार वेळा हीटसिंकचे स्क्रू वाटेल त्या क्रमानं आवळलेले मी पाहिलेत. स्क्रूंच्या शेजारी १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात, त्याच क्रमानं थोडं थोडं आवळायचं असतं. लॅपटॉपच्या चिपा उघड्या असतात, त्यांवर टोपण नसतं. म्हणून पेस्टचा पातळ थर चिपेच्या अख्ख्या अंगावर पोचला पाहिजे, मधोमध एक ठिपका ठेवून भागत नाही. ग्राफिक्सच्या मेमरीवरच्या मऊ पॅड फाटल्या तर त्याच जाडीच्या घालायला सांगा. जाड घातल्या तर हीटसिंक चिपेपासून उचललं जातं आणि काम आधीपेक्षा वाईट होतं. चांगल्या पेस्टची नळी काही शेकड्यांत मिळते, मजुरी धरून हजाराच्या आसपास खर्च यावा. काही महागड्या मॉडेलमध्ये पेस्टऐवजी द्रवरूप धातू घातलेला असतो. तुमच्यात तो असेल असं वाटत नाही, पण चकाकता पारा सांडल्यासारखं काही दिसलं तर तिथेच थांबा. तो वीज वाहतो, एक थेंब इकडचा तिकडे गेला की मदरबोर्ड खरोखरच जातो.

हे सगळं उष्णता बाहेर काढण्याबद्दल झालं. ती मुळात कमी तयार करणं याहून सोपं आहे, आणि त्याला एक रुपया लागत नाही. १४४ हर्ट्झची स्क्रीन आहे म्हणून सेकंदाला शंभर-सव्वाशे फ्रेम, म्हणजे चित्रं, काढत बसायची गरज नाही. भावाला एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये मॅक्स फ्रेम रेट ६० करायला सांग. जीटीए ६०वर अगदी सुरेख चालतो, आणि ग्राफिक्सचं बरंच काम कमी होतं. वॅलोरंटसारखा नेमबाजीचा खेळ असेल तर त्याला ६० सोसणार नाही, भांडायला उठेल. तिथे १२० ठेवा, पण मेनूमधली फ्रेम मर्यादा मात्र चालू करा. नुसता मेनू उघडा ठेवून मुलं जेवायला जातात आणि लॅपटॉप तिकडे रिकाम्या पडद्यासाठी तापत बसतो.

कंपनीच्या ॲपमध्ये टर्बो किंवा परफॉर्मन्स मोड असतो, तो उन्हाळ्यात बॅलन्स्डवर ठेवा. वेग थोडा उतरवला की व्होल्टेजही कमी लागतं आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गानुसार (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) बदलते, त्यामुळे वेगात थोडं सोडलं की तापमानात पुष्कळ मिळतं. याच्याही पुढे जायचं तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १००चं ९९ टक्के करता येतं. तेवढ्यानं टर्बो बूस्ट, म्हणजे गरजेला मूळ वेगाच्या वर जाण्याची सोय, बंद पडतो आणि तापमान धाडकन उतरतं. पण या प्रोसेसरचा मूळ वेग २ गिगाहर्ट्झ आहे आणि टर्बोतला ४.४. मोठ्या गेममध्ये हा फरक जाणवणार. मी तो उपाय मे महिन्याच्या दुपारींसाठी राखून ठेवीन. हा पर्याय काही मशीनवर दिसतच नाही, नसला तर शोधत बसू नका. व्होल्टेज हातानं उतरवण्याचे व्हिडिओ भाऊ तुला दाखवेल. २०१९मध्ये इंटेलच्या चिपांमधली त्यासंबंधीची एक सुरक्षात्रुटी उघड झाल्यापासून बऱ्याच लॅपटॉपवर ती सोय बंदच आहे, त्यामागे वेळ घालवू नका.

कूलिंग पॅड? साफसफाईनंतर आकडे बघ आणि मग ठरव. तळाची भोकं मोकळी असतील तर साध्या पॅडनं दोन-चार अंशांपलीकडे मला कधी मिळालेलं नाही. बाटलीची झाकणं जवळपास तेवढंच देतात. त्या पैशांत घडीचं लहान टेबल घेऊन जा, गादीचा प्रश्न मुळातून मिटेल.

कूलरचं मात्र वेगळं. त्यावर मी थोडं जास्त बोलतो, कारण पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात हे येत नाही. विदर्भातली मे महिन्याची हवा इतकी कोरडी असते की चांगली खस लावलेला कूलर खोली दहा-बारा अंशांनी सहज उतरवतो. नागपूरनं २०१३च्या मे महिन्यात ४७.९ अंश पाहिलेत. असल्या दिवसांत गार खोली हाच सगळ्यात मोठा कूलिंग पॅड, कारण खोली जितकी उतरेल तितकीच चिपही उतरते. पण लॅपटॉप कूलरच्या तोंडासमोर ठेवायचा नाही. त्या झोतात पाण्याचे बारीक तुषार असतात आणि पाणी बोअरवेलचं असेल तर क्षारही. ते बोर्डावर वाळून पांढरे होतात आणि हळूहळू तांबं खातात. टेबल बाजूला, सहा-आठ फुटांवर लावा, झोताच्या रेषेबाहेर. खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते आणि कूलरचं कामच थांबतं. पाऊस सुरू झाला की कूलरचा उपयोग संपला, तेव्हा साधा छताचा पंखा पुरे. आणि लॅपटॉपखाली बर्फाची पिशवी ठेवण्याचा विचार भावाच्या डोक्यात आला असेल, तर तो आजच काढून टाक. आतून पाणी सुटेल.

एवढं करूनही, बाहेर ४५ अंश असताना दुपारी दोन वाजता मोठा गेम खेळू नये असंच मी म्हणेन. रात्री नऊनंतर खेळावं. बॅटरीसाठीही ते बरं. तिला उष्णता फार बाधते, आणि चार्जर लावून खेळताना ती शंभर टक्के भरलेली असली तर आणखीच. कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल, ती चालू करा.

आता बाबांचं. त्यांना माझ्या वतीनं सांग की गेमनं लॅपटॉप खराब केलेला नाही. तो गेम खेळण्यासाठीच बनवलेला आहे आणि तू त्यासाठीच पैसे मोजलेस. चूक झाली ती गादीची, आणि दोन वर्षांत एकदाही तळ न उघडल्याची. ती मुलाला कुणी सांगितलीच नव्हती. आपण स्कूटर सर्व्हिसिंगला न चुकता टाकतो, लॅपटॉपचं तसं काही असतं हे घरात कुणाला ठाऊक नसतं. तळ उघडाल तेव्हा बाबांनाही शेजारी बसव. जाळीतून निघालेला तुसाचा पट्टा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला तर कपाटाची किल्ली मागावी लागणार नाही. आणि भावाला सांग, तुझे चार हप्ते संपेपर्यंत नव्या लॅपटॉपचा शब्द काढायचा नाही. त्याच्या ताईनं पुण्यात कसं भागवलं असेल, याची त्याला कल्पना असू दे.

दुकानदाराला खोटा म्हणायची गरज नाही. त्याला एवढंच विचार: बोर्डावरचा नेमका कोणता भाग गेलाय, आणि तो तुम्ही मोजून दाखवाल का? ज्यानं खरंच तपासलं असेल तो मीटर लावून दाखवतो. मदरबोर्ड गेलेलं मशीन एकतर चालूच होत नाही, नाहीतर थंड असतानाही कधीही बंद पडतं. तुमचं यांतलं काहीच करत नाही.

साफ करताना पंखे बोटानं हलकेच फिरवून बघा. एखादा खरखरला, अडला किंवा डुगडुगला तर तेवढा पंखा बदलावा लागेल. तोही बोर्डापेक्षा खूप स्वस्तात होतो. मागवताना तळावरच्या स्टिकरचा पूर्ण मॉडेल नंबर आणि पंख्यावरचा नंबर, दोन्हींचे फोटो पाठव, आणि प्रोसेसरकडचा हवाय की ग्राफिक्सकडचा हे स्पष्ट लिही. दोन्ही दिसायला सारखे असतात, पण एकमेकांच्या जागी बसत नाहीत. रविवारी रात्री वहीतले आकडे मला कळव, साफसफाईच्या आधीचे आणि नंतरचे.

तुझा काका